नकाशा सिरोंच्याला संपतो

"मुंबईले जाचं हाय बाई, तिकीट द्या," असं म्हणत माणूस समोरच्या खुर्चीत बसला की मी लगेच कॉम्प्युटरला हात लावत नाही. आधी विचारते, मुंबईत काम काय? कोणत्या दिवशी, किती वाजता? सोबत कोण? जिना चढता येतो का? आणि शेवटी विचारते, घरून किती वाजता निघाल? या शेवटच्या प्रश्नाला लोक हमखास वैतागतात. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातल्या एका सुपरवायझरने तर मला तोंडावर विचारलं होतं, "बाई, तुमाले तिकीट द्याचं हाय का सोयरीक जमवाची हाय?"

"चौकशी दोन्हीले सारखीच लागते भाऊ," मी म्हटलं. "सांगा, घरून किती वाजता निघाल?"

चंद्रपूरच्या बसस्टँडसमोर तिकिटांचं दुकान चालवून माझी तीस वर्षं गेली. आता दुकान भाची पाहते. मी सकाळी जाऊन बसते, चहा पिते आणि तिच्या चुका काढते. ती म्हणते, "मावशी, आता सगळे मोबाइलवर तिकीट काढतात." काढू देत ना! मोबाइल गाडी दाखवतो. पण गडचिरोलीच्या जंगलातल्या एटापल्लीची एसटी नाल्यावर अडकली तर काय करायचं, हे त्या मोबाइलला कोण सांगणार? ते सांगायला आम्ही बसलो आहोत.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडून मुंबई म्हणजे राज्याच्या या टोकावरून त्या टोकाला. जायला चार वाटा. बल्लारशाहून थेट रेल्वे, पण त्या गाड्या मोजक्या आणि ठरल्या वारीच. नागपूरहून भरपूर गाड्या, पण आधी नागपूर गाठायचं. वेटिंग लिस्टने दगा दिला की खाजगी स्लीपर बस, जिच्यातून उतरल्यावर माणूस दोन दिवस कमरेला हात लावून चालतो. आणि चौथं विमान. विमान दीड तासात मुंबईला टेकतं, कबूल, पण ते नागपुरातून सुटतं, एटापल्लीतून नाही. एटापल्लीच्या माणसाचा विमानापर्यंत पोचण्यातच अख्खा दिवस जातो. म्हणून आमच्या धंद्यात मुंबईचं अंतर मुंबईकडून मोजत नाहीत, गिऱ्हाइकाच्या दारापासून मोजतात.

माझे दोन नियम होते. पहिला, एक दिवस हातचा ठेवायचा. शुक्रवारचं काम असेल तर गुरुवारी मुंबईत उतरायचं. दुसरा, तिकिटासोबत चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी माझ्या हाताने लिहिलेली, मोठ्या अक्षरात. कुठे उतरायचं, कोणत्या बाजूच्या दाराने बाहेर पडायचं, कोणाला विचारायचं, कोणाला मुळीच विचारायचं नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी मी चित्रं काढत असे. माझ्या चित्रातला पूल लोकांना खाटेसारखा दिसायचा, पण माणसं पोचायची. लोक त्या चिठ्ठ्या घरी जपून ठेवत. सांगायला लाज कशाची, मला त्याचा भारी अभिमान होता.

आलापल्लीच्या लाकूड डेपोत उभी हयात घालवलेले एक भाऊ नातवाला बघायला पहिल्यांदा विमानाने निघाले होते. मुलाने तिकीट पाठवलं होतं, चिठ्ठी घ्यायला ते माझ्याकडे आले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंदात कुठी थांबते हे?"

"कुठीच नाई थांबत."

"वर्ध्याले बी नाई?"

"नाई भाऊ."

त्यांनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "मंग डायवर चहा कुठी पेते?"

परत आल्यावर मुद्दाम दुकानात येऊन त्यांनी मला सांगितलं, की ड्रायव्हरला चहा आतच देतात, त्यांनी विमानातल्या पोरीला विचारून खात्री केली होती. माझी माहिती तेवढी वाढली.

डिसेंबर उजाडला की माझ्या दुकानाचा रंग बदलायचा. सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर जाणारे लोक गावागावातून यायचे. माझे वडीलही मला लहानपणी खांद्यावर बसवून घेऊन गेले होते, त्यामुळे त्या गर्दीत मी दुकानदारीण नसायची, घरचीच असायची. मूल तालुक्यातल्या एका आजीला मी रिझर्वेशन करून द्यायला निघाले तर ती माझ्यावरच डाफरली. "गेल्या साली बी तू झोपाची जागा देलती. मी काय झोपाले जातो का वो तिथी?" तिला पूर्ण रस्ता बायांच्या घोळक्यात बसून गाणी म्हणत जायचं होतं. तिला मी जनरलच्या डब्याची चिठ्ठी लिहून दिली, आणि एकवीस जणींना सांगून ठेवलं की हिच्यावर लक्ष ठेवा. आजीने त्या एकवीस जणींवर लक्ष ठेवलं, असं नंतर कळलं.

आता नकाशाचं सांगते, कारण त्याच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

दुकान उघडलं त्या दिवशी मी माझ्या पाठीमागच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावला. शाळेत असतो तसा, कापडावर चिकटवलेला. डाव्या काठाला मुंबई, तिच्याभोवती मी लाल पेनाने गोल केला. उजव्या काठाला आमचे दोन जिल्हे. चंद्रपूर, मोहर्ली, गडचिरोली, आलापल्ली, भामरागड, सगळीकडून लाल रेघा ओढल्या. त्या चंद्रपुरात यायच्या, माझ्या दुकानापाशी, आणि इथून एक जाड रेघ नागपूरवरून मुंबईला जायची. सगळ्यात खालच्या टोकाला सिरोंचा. त्याच्याखाली नकाशा संपायचा आणि कोरा पांढरा कागद सुरू व्हायचा. गिऱ्हाईक आलं की मी खुर्ची फिरवून पट्टीने रस्ता दाखवायची. मास्तरीणच वाटायची मी स्वतःला.

राजेश्वरी त्या सिरोंच्याची. आरोग्य उपकेंद्रात कंत्राटी नर्स. नऊ वर्षं जंगलातल्या गावांत बाळंतपणं केली, दर वर्षी ऑर्डर नवी, नोकरी जुनीच. कायम नोकरीच्या परीक्षेत ती पास झाली आणि कागदपत्रं तपासायला मुंबईला बोलावणं आलं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता मूळ कागद घेऊन हजर राहायचं, न राहिल्यास नाव रद्द. आणि तिची वयाची अट त्याच वर्षी संपत होती. पुढची संधी नव्हतीच. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "बाई, हे चुकलं तर मी जलमभर कंत्राटीच."

"चुकत नसते," मी म्हटलं. "मी बसली आहे ना इथी."

बेत ठरला तो असा: मंगळवारी सिरोंच्याहून एसटीने चंद्रपूर, मुक्काम माझ्याच घरी. बुधवारी नागपूर, संध्याकाळची गाडी, गुरुवारी दुपारी मुंबई. एक दिवस हातचा. सोबत वडील, पोचमभाऊ. मिरचीची शेती करणारा, उंच, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. घरात तेलुगू, बाहेर मराठी.

सोमवारी धो धो पाऊस झाला. मंगळवारी सकाळी राजेश्वरीचा फोन. "बाई, आलापल्लीच्या रस्त्यानं नाल्यायवर पाणी आहे. एसटी सुटून नाई राह्यली."

मी अजिबात घाबरले नाही. असे नाले मी तीस वर्षं पाहिले होते. "पाणी उतरते उद्यापर्यंत," मी सांगितलं. "तुझं उद्याचं तिकीट बदलून मी परवाच्या लवकर पोचणाऱ्या गाडीचं करते. शुक्रवारी सकाळी सातला उतरशील. टेन्शन नोको घेऊ."

तेवढ्यात पोचमभाऊंनी फोन घेतला. "बाई, आमी प्राणहितेच्या पुलावरून तिकडं तेलंगणात जाऊ का? मंचेरियालले रेल्वे भेटते. तिथून हैदराबाद, आन्..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "भाऊ, मुंबई कोणीकडं आणि तुमी जाऊन राह्यले कोणीकडं! उलट्या दिशेनं काऊन जाता? थांबा म्हटलं ना. रस्ता माझ्यावर सोडा."

मग ते म्हणाले, "पर्वालेदु, बाई." म्हणजे काही हरकत नाही. फोन ठेवला. आणि मी मागे वळून नकाशाकडे पाहिलं. सिरोंच्याच्या खाली काही नव्हतंच. माझं बरोबर होतं!

बुधवारी सकाळी पाणी उतरलं नाही. उलट रात्रीतून आणखी चढलं. दहाच्या सुमारास ओळखीच्या कंडक्टरचा आलापल्लीहून फोन आला, की एका नाल्यावरची मोरीच वाहून गेली, चार दिवस तरी गाडीचं नाव काढू नका.

हातचा दिवस मी कालच वापरून टाकला होता. आता हाती काही नव्हतं. भाचीने चहा आणून ठेवला, तो तसाच सायीखाली थंड झाला. मला आठवले सिरोंच्याकडच्या असरअल्लीचे मास्तर. त्यांचा भाऊ मुंबईच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता आणि हे असेच पावसात अडकले होते. त्यांनाही मी थांबा म्हटलं होतं. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत येताना दुकानात आले, तेव्हा मी म्हणाले होते, "मास्तर, पाण्यापुढं आपलं काय चालते!" मास्तर पिशवी उचलून निघून गेले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्यांची समजूत काढली.

बारा वाजता मी फोन लावला. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, की पोरी, मला माफ कर. फोन पोचमभाऊंनी उचलला. मागे प्रचंड गलका.

"भाऊ, मी सुजाताबाई बोलून राह्यली. ऐका, रस्ता काही..."

"बाई, आमी मंचेरियालच्या स्टेशनावर हाव."

"कुठी?"

"मंचेरियाल. पहाटेच निंघालो. तुमी रागावसान म्हणून सांगतलं नाई." मग म्हणाले, "मी तीस साल मिरची घेऊन याच रस्त्यानं वरंगलले जातो, बाई. पहले डोंग्यानं नदी पार करत होतो, आता पूल झाला. इथपर्यंत मले येते. पुढचं तुमी सांगा."

मला हसूही आलं आणि रडूही. माय वो! ज्या माणसाला मी काल गप्प बसवलं, तो आज मला म्हणत होता, पुढचं तुम्ही सांगा.

मग मी पदर खोचला. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना हात जोडून उद्या यायला सांगितलं. सिकंदराबादला जाणारी दुपारची गाडी होती. "भाऊ, जनरलचं तिकीट काढा आणि बसा, जागेची वाट पाहू नका." हैदराबादहून मुंबईच्या रेल्वेला वेटिंग शंभराच्या पुढे. बस होती, पण त्या पावसात बसचा भरवसा मी धरणार नव्हते. एकदा भरवसा धरून झाला होता. विमान पाहिलं. गुरुवारी दुपारचं होतं. दोघांचं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून राजेश्वरी एकटीचं तिकीट काढलं. रात्रीपुरतं पोचमभाऊंच्या ओळखीच्या मिरचीच्या अडत्याकडे राहायची सोय होती, ती त्यांनीच सांगितली.

उरली चिठ्ठी. नागपूरच्या विमानतळाची चिठ्ठी मी झोपेतही लिहिली असती. हैदराबादचा विमानतळ मी कधी पाहिलाच नव्हता. कागद पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसले. अंदाजाने लिहिता आलं असतं, दरवाजे सगळीकडे सारखेच असतात. पण नाही लिहवलं. शेवटी लिहिली ती अशी:

"राजेश्वरी, आधार कार्ड हातात ठेव. दारावरच्या शिपायाले कार्ड आन् मोबाइलातलं तिकीट दाखव. बाबाले आत सोडणार नाईत, तिथी रडत बसू नोको. मूळ कागदाची फाइल सामानात देऊ नोको, पोटाशी धर. आत गेल्यावर कोणीकडं जाचं ते मले माहीत नाई. मी तिथी कधी गेली नाई. वर्दीतल्या बाईले विचार. तेलुगूत विचार, तुले येते. मले येत नाई. तुझी बाई."

फोटो काढून मोबाइलवर पाठवली. तीस वर्षांत माझ्या चिठ्ठीत 'मले माहीत नाई' हे शब्द पहिल्यांदा आले होते.

गुरुवारी दुपारी पोचमभाऊंचा फोन. "बाई, पोट्टी आत गेली. काचेतून दिसत होती मंगाशीपर्यंत. आता नाई दिसून राह्यली."

"पोचते भाऊ. बसा थोडं, पाणी प्या."

"पर्वालेदु," ते म्हणाले, पण आवाज फाटला होता. मी भाचीवर उगाच खेकसले, की स्टेपलर कुठे ठेवला.

दुपार सरता सरता राजेश्वरी बोलली, मुंबईच्या विमानतळावरून. पहिलं वाक्य काय असावं? पोचले, उतरले, असं काही नाही. म्हणाली, "बाई, वरून समुद्र पाह्यला! आपल्या प्राणहितेले पलीकडचा काठ असते. याले नाईच!"

"काठाचं मंग पाहू," मी म्हटलं. "फाइल कुठी हाय?"

"पोटाशी."

इथून पुढची मुंबई माझी होती. कोणत्या दाराने बाहेर, टॅक्सी कोणत्या रांगेतली, परळला नर्सेसच्या वसतिगृहात कोणाला भेटायचं, सगळं मी फोनवर सांगत गेले आणि ती करत गेली. शुक्रवारी साडेनऊला ती त्या ऑफिसच्या बाकावर बसली होती. तिच्या आधी दोन नावं पुकारली गेली, तीन तीनदा. कोणी उठलं नाही. साहेबाने लाल पेनाने रेघ मारली. मग तिचं नाव आलं. ती सांगते, "बाई, मी इतक्या जोरात 'हजर' म्हटलं का साहेबानं चश्मा काढून पाह्यलं."

नोकरी लागली. आता ती कायम आहे.

पोचमभाऊ मिरचीचा हंगाम झाल्यावर चंद्रपूरला आले, वाळलेल्या मिरच्यांची पिशवी घेऊन. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हटलं, "भाऊ, चुकी माझी होती. तुमी ऐकलं असतं तर पोट्टीचं नुकसान झालं असतं."

ते बापडे चहा पिता पिता माझ्या मागच्या नकाशाकडे पाहत होते. मग उठले, जवळ गेले, सिरोंच्यावर बोट ठेवलं आणि तिथून खाली सरकवलं. बोट कोऱ्या कागदावर आलं, तिथून भिंतीवर.

"इथी तर कायीच नाई बाई," ते म्हणाले. वाईट वाटल्यासारखे. "आमाले तर इकडंच जास्त रस्ते हायेत."

मी टेबलावरचा लाल मार्कर त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, खरंच का म्हणून. मग भिंतीवर प्राणहिता काढली, पूल काढला, मंचेरियालला टिंब दिलं, खाली हैदराबादचं मोठं टिंब. नावं तेलुगूत लिहिली. मग तिथून एक रेघ निघाली ती भिंतीवरून डावीकडे, अख्ख्या महाराष्ट्राच्या खालून, ते चार पावलं सरकत गेले तरी हात उचलला नाही. टोकाला जाऊन रेघ वर वळवली आणि मी तीस वर्षांपूर्वी काढलेल्या मुंबईच्या गोलात नेऊन टेकवली. त्यांची नदी माझ्या पुलांपेक्षा पुष्कळ चांगली आली होती.

त्यानंतर सिरोंचा, असरअल्ली, अंकिसाकडचं कोणी आलं की मी त्यांना एक जास्तीचा प्रश्न विचारते, तुमच्या गावचे लोक पलीकडे कोणत्या रस्त्याने जातात? उत्तर लिहून घेते. मास्तरांनाही फोन केला. तेव्हा थांबा म्हटलं ते माझं चुकलं, आता मी पलीकडचा रस्ता विचारते, असं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं बाई, विचारायले लागल्या."

परवा दिवाळीसाठी दुकानाला रंग द्यायला पेंटर आला. भाचीला सगळं चकचकीत पाहिजे. पेंटर म्हणाला, "बाई, नकाशा पार पिवळा पडला, काढून टाकू काय? आन् खाली भिंतीवर कोणं तरी लाल रेघा मारून ठेवल्या, त्यायच्यावर दोन हात मारून देतो."

मी म्हटलं, "नकाशा काढला तरी चालते. भिंतीले हात लावू नोको."